खेळतं भांडवल

"पेबॅक किती?" हा प्रश्न हरिहररावांना चाकणच्या कंपनीत, भरल्या मीटिंगमध्ये विचारला गेला आणि त्यांनी अगदी सरळ मनानं उलट विचारलं, "परत कुणाला द्यायचंय, मॅडम?"

समोर अकरा माणसं होती. त्यातली दहा हसली. हरिहरराव गेली सव्वीस वर्षं गिअरचे दात मोजतात. केसाच्या विसाव्या भागाएवढी चूकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही, असा त्यांचा लौकिक. त्यांनी बेचाळीस लाखांचं मोजणीचं नवं मशीन मागितलं होतं आणि ते का हवं, हे चोवीस स्लाइडींमध्ये घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. त्या चोवीस स्लाइडी कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. 'परत कुणाला द्यायचंय' मात्र दुपारच्या चहापर्यंत पेंट शॉपमध्ये पोचलं. न हसलेलं अकरावं माणूस म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या फायनान्सच्या ऋचा मॅडम. वयानं हरिहररावांच्या मुलीएवढ्या. त्या हसल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी समजून घेतलं, ते जास्त लागलं.

"सर, घातलेले पैसे किती दिवसांत परत येतील, एवढंच विचारत होते," त्या नंतर म्हणाल्या आणि त्यांनी एक चाळीस पानी पुस्तिका हातात ठेवली. "हे वाचा. अवघड काही नाही. आधी एखाद्या छोट्या गोष्टीवर करून बघा, मग मशीनचं करून आणा."

'एखाद्या छोट्या गोष्टीवर' हे शब्द मॅडम सहज बोलून गेल्या. त्यांना रहाटणीत काय चाललंय याची कल्पना नव्हती.

चाकण ते रहाटणी हा कंपनीच्या बसचा प्रवास असा आहे की त्यात कुठलंही पुस्तक संपतं. हरिहररावांची पुस्तिका दोन दिवसांत संपली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून काढली, कारण त्यांना ती चक्क आवडली. आजचा रुपया आणि पुढच्या वर्षीचा रुपया एक नसतो, ही गोष्ट आपल्याला बावन्न वर्षांत कुणी नीट सांगितली नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. स्थिर खर्च, बदलता खर्च, घसारा, तरलता. मायक्रोमीटरनं मोजता येत नाही असंही जगात काही मोजण्यासारखं आहे, हा शोध त्यांना नवा होता. नाशिक फाट्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षाकडे बघून त्यांच्या मनात येई, हिचा पेबॅक किती असेल? एका रिक्षावाल्याला त्यांनी खिडकीतून तसं विचारलंही. त्यानं काच वर करायला सांगितली.

छोटी गोष्ट घरातच होती. मृदुला, म्हणजे हरिहररावांची बायको, थेरगावच्या एका खाजगी शाळेत अठरा वर्षं मराठी शिकवत होती. एप्रिलमध्ये ती शाळा बंद पडली. सगळा हिशोब होऊन तिच्या हातात नव्वद हजार आले. गल्लीतला गिरणीवाला त्याच सुमाराला गाळा विकून गावी गेला आणि सोसायटीतल्या बायकांना दळणाचे डबे घेऊन डांगे चौकापर्यंत जायची वेळ आली. मृदुलानं आठ दिवस विचार केला आणि ठरवलं, की सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आपण गिरणी घालायची. क्लब हाऊस म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. तिथं गणपतीचं मखर, मोडका झोपाळा आणि रंगाचे रिकामे डबे एवढाच क्लब होता. मृदुलानं चक्कीवाल्याशी बोलणं केलं, भाव ठरवला, आणि नवऱ्याला फक्त एक काम सांगितलं.

"अहो, वीज कचेरीत तेवढा अर्ज देऊन या. थ्री फेज लागेल."

"अर्ज नंतर," हरिहरराव म्हणाले. "आधी प्रकल्प अहवाल."

ते नव्वद हजार म्हणजे तिची अठरा वर्षं होती. ते बुडाले तर ती नवं काही पुन्हा सुरू करणार नाही, हे हरिहररावांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना मनापासून धास्ती वाटत होती. धास्ती वाटली की माणसं देवाला जातात. हरिहररावांनी एक्सेल उघडलं.

दोन दिवसांत अहवाल तयार झाला. चक्की, मोटार, वायरिंग, अनामत, वजनकाटा मिळून नव्वद हजार. दळणाचा दर किलोला आठ रुपये. त्यातली वीज आणि दगडाची झीज दोन रुपये, म्हणजे किलोमागे सुटले सहा. सोसायटीला खोलीचं भाडं तीन हजार आणि इतर ठरलेला खर्च बाराशे, म्हणजे महिन्याचा स्थिर खर्च बेचाळीसशे. बेचाळीसशेला सहानं भागलं की सातशे. "महिन्याला सातशे किलो दळलं की ना नफा ना तोटा," हरिहररावांनी जाहीर केलं. "आपण बाराशे धरू. वरच्या पाचशे किलोंचे तीन हजार सुटले. वर्षाचे छत्तीस. नव्वदला छत्तीसनं भागलं की पेबॅक. अडीच वर्षं."

"बरं. म्हणजे चांगलं आहे ना?"

"थांब. पेबॅक हा बाळबोध मार्ग झाला. तिसऱ्या वर्षीचे छत्तीस हजार आजचे छत्तीस नव्हेत. दर वर्षाच्या रकमेला एक पूर्णांक एक दशांशनं, जितकी वर्षं तितक्या वेळा भागायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून आजचे नव्वद वजा करायचे. राहील ते निव्वळ वर्तमान मूल्य."

"म्हणजे चक्रवाढ व्याजच, उलटं," मृदुला भाजी निवडता निवडता म्हणाली.

हरिहररावांना हे समजायला नाशिक फाटा ते भोसरी एवढा वेळ लागला होता. ते थोडे हिरमुसले, पण आकडा चांगला असल्यामुळे सावरले. पाच वर्षांचं निव्वळ वर्तमान मूल्य अधिक साडेसेहेचाळीस हजार येत होतं. मृदुलानं कागद हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. शाळेत निबंध तपासायची सवय असल्यामुळे तिची नजर कुठंही घसरत नसे.

"हे काय? संचालिकेचा पगार, शून्य?"

"तुझा कसला पगार?" हरिहरराव हसून म्हणाले. "तू काय, घरचंच माणूस."

गवारीच्या शेंगा थोड्या जोरात मोडल्या गेल्या, पण शेंगांचा आवाज मोजायची सोय अहवालात नव्हती.

आता खरं तर अर्ज द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. पण ज्ञान पचायला लागलं की ते वाटावंसं वाटतं. सोसायटीच्या सभेत गिरणीचा विषय येणार होता, म्हणून हरिहररावांनी अख्खा अहवाल शुद्ध मराठीत करून नोटीस बोर्डावर लावला. डिस्काउंट रेटला पुस्तकी मराठीत 'सवलतीचा दर' म्हणतात. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'सवलतीचा दर : १० टक्के'. आणि पुस्तिकेच्या सतराव्या पानावर वर्किंग कॅपिटलशिवाय धंदा उभा राहत नाही असं बजावून सांगितलेलं असल्यामुळे, सोसायटीनं प्रकल्पाला पंचवीस हजार रुपये खेळतं भांडवल म्हणून वर्षभर बिनव्याजी द्यावेत, अशीही विनंती केली.

सभेला नेहमीप्रमाणे एकोणीस माणसं आली. सोसायटीचे खजिनदार लक्ष्मणराव एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या लेखा विभागात काढून निवृत्त झालेले. कुठलाही खर्च दिसला की तो गरजेचा आहे का, हे ते विचारत नाहीत; तो कुठल्या लेखाशीर्षाखाली जाईल, हे विचारतात. घरी भाजी आणतानासुद्धा मेथी आणि कोथिंबीर ते वेगवेगळ्या पिशव्यांत आणतात, असं म्हणतात. सभेत बराच वेळ वाद झाला. क्लब हाऊस गिरणीला दिलं तर मुलांनी खेळायचं कुठं, असा चार पालकांचा सवाल होता. मुलं तिथं कधीच खेळत नव्हती, पण हक्क म्हणून एक गोष्ट असते. वाद वाढतोय असं बघून हरिहरराव उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "माझी फक्त एवढीच विनंती आहे, की गिरणीला परवानगी द्या आणि खेळत्या भांडवलाची तरतूद करा."

सभा एकदम शांत झाली. चारही पालकांच्या चेहऱ्यांवर समाधान पसरलं. एक जण तर म्हणाला, "तुम्ही मुलांचा विचार केलात, हे आवडलं." हरिहररावांना हे वाक्य जरा तिरपं वाटलं, पण ठराव एकमतानं मंजूर होत असताना वाक्यांचे कोन कोण मोजतो? लक्ष्मणरावांनी वहीत लिहिलं, 'क्लब हाऊसमध्ये गिरणीस परवानगी व खेळते भांडवल, रु. २५,०००.' आपण पटवून दिलं की लोकांना अर्थशास्त्र पटतं, असं हरिहरराव त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाले.

मग वीज कचेरी. अर्जात 'उद्योगाचे स्वरूप' असा रकाना होता. हरिहररावांनी 'सोबत जोडले आहे' असं लिहून सहा पानं जोडली. खिडकीतल्या माणसानं ती सहा पानं उलटसुलट केली.

"गिरणी आहे का?"

"तसं ढोबळपणे म्हणता येईल."

"मग गिरणी लिहा."

त्यानंतर कळलं, की सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. लक्ष्मणरावांकडे गेल्यावर कळलं, की किती विजेला ना हरकत, ते कचेरीनं लेखी कळवल्याशिवाय पत्र देता येत नाही. कचेरीत गेल्यावर कळलं, की ना हरकत पत्राशिवाय लेखी काही कळवता येत नाही. हरिहररावांनी तीन अर्ध्या दिवसांच्या रजा घातल्या आणि चौथ्या दिवशी मृदुला स्वतः गेली. खिडकीतल्या माणसानं तिला बघताच उभं राहून नमस्कार केला. त्याचा मुलगा सातवीत तिच्या वर्गात होता आणि त्याचं शुद्धलेखन तिनं सुधारलं होतं. वीस मिनिटांत कागद हातात आला. या वीस मिनिटांना पुस्तिकेत 'गुडविल' म्हणतात आणि ते ताळेबंदात सहसा दिसत नाही, हे हरिहररावांनी तिला कौतुकानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आता ऑफिसला जा."

चक्की आली त्याच दिवशी सकाळी दुसरा एक टेम्पो फाटकात उभा राहिला. त्यातून चार माणसांनी हिरवंगार, नऊ फूट लांब टेबल टेनिसचं टेबल उतरवलं आणि ते सरळ क्लब हाऊसमध्ये नेऊन ठेवलं. मागून लक्ष्मणराव पावती फडकवत आले.

"झालं तुमचं काम, हरिहरराव. चोवीस हजार आठशेत बसवलं. उरलेल्या दोनशेत बॅटी."

"हे काय आहे?"

"खेळतं भांडवल. क्रीडा व मनोरंजन या लेखाशीर्षाखाली टाकलंय. मुलांना काय हवं ते आधी विचारून घेतलं."

हरिहररावांनी खेळतं म्हणजे हातात फिरतं राहणारं, आज खर्च होऊन उद्या परत येणारं, असं उभ्याउभ्या सांगून बघितलं. लक्ष्मणरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. "ते असेल," ते म्हणाले, "पण तशा लेखाशीर्षाची आपल्याकडे सोय नाही. आणि विकलेला माल परत घेत नाहीत असं पावतीवर छापलंय." हरिहररावांनी पावती वाचली. खरंच छापलं होतं. फिरते राहायला हवे होते ते पंचवीस हजार आता चार लोखंडी पायांवर उभे होते. पुस्तिकेच्या भाषेत सांगायचं तर चालू मालमत्ता स्थिर झाली होती.

त्यांना इतका धक्का बसला, की गिरणी सुरू व्हायच्या आधीच बंद पडणार, असं त्यांना वाटू लागलं. भांडवलाशिवाय मृदुलाचे पैसे बुडणार आणि ते आपल्या एका शब्दामुळे बुडणार. मृदुलानं मात्र टेबलाला हात लावून ते मजबूत आहे का बघितलं आणि म्हणाली, "उंची बरोबर आहे."

उद्घाटनाला पहिलं दळण आबाजींचं. रहाटणीतल्या ज्या शेतावर सोसायटी उभी आहे ते आबाजींचं होतं. त्या बदल्यात मिळालेल्या दोन फ्लॅटांत ते राहतात आणि पार्किंगमधून अजूनही बांधावरून चालावं तसे चालतात. ते बाजरीचा डबा घेऊन आले. त्यांच्या मागं आठ-दहा जणं होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट.

"दहा टक्के सवलत आहे ना?"

"कसली सवलत?" मृदुलानं विचारलं.

"बोर्डावर आहे की. सवलतीचा दर दहा टक्के. साहेबांची सही आहे खाली."

हरिहरराव पुढं झाले. हा दर म्हणजे भविष्यातल्या पैशाला आजच्या मापात आणण्यासाठीचा भाजक, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि मग पुन्हा विचारलं, की मग दहा टक्के कमी घेणार ना? मृदुलानं मुकाट्यानं त्या दिवशी सगळ्यांना दहा टक्के सोडले आणि दुपारी नोटीस बोर्डावरचा अहवाल काढून आणला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूंवर ती पुढं दळणाच्या चिठ्ठ्या करू लागली.

आबाजी मात्र सवलत घेऊनही हलले नाहीत. चक्की कशी चालते ते वाकून बघत उभे राहिले. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कुतूहल. हरिहररावांना असा माणूस हवाच होता.

"आबाजी, या दगडाची दर वर्षी झीज होते. त्याला घसारा म्हणतात. गंमत म्हणजे, हा खर्च कागदावर दिसतो, पण खिशातून रुपया जात नाही."

"खिशातनं न्हाई जात, खरं हाय," आबाजी पीठ चिमटीत घेऊन म्हणाले. "पर दगूड तर झिजतोय. मग तो जातोय कुठं?"

हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता.

"भाकरीत," आबाजींनीच उत्तर दिलं. "पीठ कचकच लागलं, की समजायचं तुमचा घसारा आला ताटात. बाई, टाकीवाल्याला बोलवा, दगडाला टाकी लावून घ्या. नव्या दगडाला खर लई येती."

मृदुलानं टाकीवाला बोलावला, दगडाला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून घेतल्या आणि खर निघून जावी म्हणून पहिले चार किलो गहू दळून टाकून दिले. चार किलो गव्हाचा हा खर्च कुठं घालावा, यावर हरिहररावांनी एक रविवार घालवला.

दोन आठवड्यांनी त्यांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. ते क्लब हाऊसच्या दारात वही घेऊन उभे होते आणि टेबलाकडे बघत होते. मृदुलानं टेबलावर डबे ओळीनं लावले होते. मधल्या जाळीच्या अलीकडे गहू, पलीकडे ज्वारी-बाजरी, आणि एका कोपऱ्यात उपासाचा राजगिरा, कारण उपासाचं दळण बेसनानंतर लावलं तर बायका गिरणीच बदलतात. संध्याकाळी पाचला डबे हलत आणि मुलं खेळत. इथपर्यंत ठीक. पण धान्य कुणाचं? गिऱ्हाइकाचं. डबा कुणाचा? गिऱ्हाइकाचा. पैसे कधी मिळतात? पीठ नेताना, रोख. विजेचं बिल कधी भरायचं? महिना उलटल्यावर. माल भरून ठेवायचा नाही, उधारी नाही, उलट आधी पैसे हातात आणि मग खर्च. हरिहररावांनी सतरावं पान काढून पुन्हा वाचलं.

"मृदुला," ते म्हणाले, "आपल्याला खेळतं भांडवल लागतच नाही. ते उणे आहे. मोठमोठ्या कंपन्यांना हे जमत नाही."

"मग तेव्हा मी काय म्हणत होते?" चक्कीच्या आवाजात मृदुला ओरडून म्हणाली. ती नेमकं काय म्हणाली होती, ते हरिहररावांना आठवेना, कारण त्यांनी तेव्हा ऐकलंच नव्हतं. त्यांना फक्त एवढं दिसलं, की लक्ष्मणरावांच्या लेखाशीर्षानं मृदुलाला पंचवीस हजारांच्या नको असलेल्या कर्जापासून वाचवलं आणि वर डबे ठेवायला टेबल दिलं.

पहिल्या महिन्यात दळण चारशे दहा किलो झालं. दुसऱ्यात सातशे साठ. ना नफा ना तोट्याची रेघ ओलांडली त्या दिवशी हरिहररावांनी पाव किलो पेढे आणले आणि ते जाहिरात खर्चात टाकले. तिसऱ्या महिन्यात आकडा आला बाराशे चार. अहवालात बाराशे धरले होते. चार किलोंची चूक. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख नाही. रविवारी सकाळी त्यांनी हिशोबाचा कागद मृदुलासमोर ठेवला आणि चष्मा पुसत तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

मृदुलाच्या भुवयांवर अजून पीठ होतं. तिनं कागद वाचला, लाल पेन मागून घेतलं आणि एका ओळीखाली रेघ मारली. संचालिकेचा पगार, शून्य.

"अहो, यात विजेची किंमत आहे," ती म्हणाली. "दगडाच्या झिजेची आहे. तुमच्या पेढ्यांचीसुद्धा आहे. मी रोज चार तास उभी असते. खांदा रात्री ठणकतो. तो कशात धरलाय?"

"तसं नव्हे, तुझे पैसे बाहेर जात नाहीत ना..."

"दगडाचेही जात नाहीत. तरी तो धरलाय."

हरिहररावांना आबाजींचा प्रश्न आठवला, दगूड झिजतो तर जातो कुठं. ते कागद घेऊन आत गेले. चार तास, तासाला पन्नास रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. पाच हजार दोनशे. शून्याच्या जागी त्यांनी पाच हजार दोनशे टाकले आणि खाली सगळं लाल झालं. तीन हजारांचा नफा पुसला जाऊन दोन हजार दोनशेचा तोटा आला. मग त्यांच्या मनात एक भलताच विचार आला. चोवीस वर्षं आपण घराचा हिशोब लिहितोय. दरवर्षी चार पैसे उरतात, म्हणून आपण स्वतःला हुशार समजतोय. त्या हिशोबातही ही ओळ शून्यच होती. तिथं पाच हजार दोनशे टाकले असते तर आपण कधीच बुडालो असतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती चाकणच्या मीटिंगमधल्या लाजेपेक्षा वेगळी होती, कारण इथं कुणीही हसलं नव्हतं.

दर वाढवणं भाग होतं. आठाचे दहा. बातमी कळताच लक्ष्मणराव डबा घेऊनच आले.

"पंचवीस टक्के वाढ? महागाई भत्तासुद्धा एवढा वाढत नाही. कुठल्या लेखाशीर्षाखाली वाढवलंत?"

रांगेत आबाजी होते. ते म्हणाले, "लक्ष्मणराव, आमी शेतात मजूर लावायचो, त्याची मजुरी धरायचो. घरची बाई दिवसभर राबायची, तिची न्हाई धरली. म्हणून वाटायचं शेती परवडती. जमीन गेली तवा कळलं, परवडत व्हती ती तिच्यामुळं." हे बोलून त्यांनी दहाच्या हिशोबानं पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि डबा उचलला. मृदुलानं पाटी पुसून नवी लिहिली. 'दळण किलोला १० रु. यात बाईंचा पगार धरलेला आहे.' शुद्धलेखन बिनचूक होतं. लक्ष्मणरावांनी ती पाटी दोनदा वाचली. "हां," ते म्हणाले, "आस्थापना खर्च. हे लेखाशीर्ष चालेल." आणि त्यांनीही दहाच दिले.

पुढच्या महिन्याचं दळण पुन्हा बाराशेच्या आसपास राहिलं. हरिहररावांनी हिशोब केला, तपासला, पुन्हा केला. सगळे खर्च आणि पगार जाऊन महिन्याला उरले दोनशे रुपये. वर्षाचे चोवीसशे. नव्वद हजाराला चोवीसशेनं भागलं. ते जड पावलांनी क्लब हाऊसमध्ये गेले. मृदुला चाळण झटकत होती.

"वाईट बातमी आहे," ते म्हणाले. "पुस्तकाप्रमाणे गिरणी बंद करायला हवी. पेबॅक साडेसदतीस वर्षं येतोय."

"म्हणजे मी साडेशहाऐंशीची होईन तेव्हा."

"हो."

"पेबॅक म्हणजे परत ना? परत कुणाला?"

हरिहररावांनी दचकून वर बघितलं. आपलंच वाक्य. या वेळी समोर अकरा माणसं नव्हती, एकटी मृदुला होती आणि ती खरंच विचारत होती.

"तुला," ते म्हणाले.

"आणि महिन्याचे पाच हजार दोनशे कुणाला मिळतात?"

"तुलाच."

"दर महिन्याला? न चुकता?"

"दर महिन्याला."

"मग मला पगार मिळू दे. बाकीचं येईल सावकाश साडेसदतीस वर्षांत. मला घाई नाही."

हरिहरराव टेबलाच्या कडेला टेकले. एवढं साधं होतं. पगार आधी तिच्या हातात जात होता, आणि त्यानंतर उरलेल्या दोनशेंवरून ते गिरणी बंद करायला निघाले होते. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी खेळल्यासारखे हातानंच दोन डबे जाळीच्या या बाजूचे त्या बाजूला केले. मृदुलानं ते पुन्हा जागच्या जागी ठेवले, कारण एक ज्वारीचा होता.

सोमवारी त्यांनी बेचाळीस लाखांच्या मशीनचा कागद पुन्हा काढला. हातानं मोजणी करणाऱ्या दोन मुली रोज दोन तास जास्त थांबत होत्या. त्या थांबतातच, म्हणून तो ओव्हरटाइम आजवर कुणी धरलाच नव्हता. हरिहररावांनी तो धरला आणि पेबॅक बरोबर काढून ऋचा मॅडमना दिला. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे चांगलं पकडलंत, सर. कुणी शिकवलं?" हरिहररावांनी पीठ झटकावं तसा शर्ट झटकला आणि म्हणाले, "घरी एक छोटी गोष्ट करून बघितली."

त्या रविवारपासून मृदुलानं त्यांना गिरणीत बसवलं. पगार सव्वीस दिवसांचा होता, म्हणून तिला आठवड्यातून एक सुट्टी हवी होती. सकाळी दहा ते बारा. पहिल्याच दिवशी त्यांनी एक राजगिरा बेसनानंतर लावला आणि शेवटच्या मजल्यापर्यंत त्याची चर्चा झाली. बारा वाजता मृदुला हिशोब तपासायला आली. नव्या वहीत तिनं सुरेख अक्षरात रकाने आखले होते. संचालिका, पाच हजार दोनशे. त्याखाली एक नवी ओळ होती. रविवारचा मदतनीस, दोन तास, शून्य.

"शून्य?" हरिहररावांनी केसातलं पीठ झाडत विचारलं.

"तुमचा कसला पगार?" मृदुला पुढचा डबा उघडत म्हणाली. "तुम्ही काय, घरचंच माणूस."